आज्ञावली घडविणारी साधने

तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना सहा, म्हणजेच फेरफाराची नोंदवही, ज्यांनी पाहिली आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. खरेदीखत झाले, वारस लागले किंवा वाटणी झाली, तरी जमिनीच्या दप्तरात एकदम बदल होत नाही. प्रथम फेरफाराची नोंद घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत जावी लागते. हरकत आलीच तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि त्याची सुनावणी होते. पुढे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सात-बाराला व आठ-अ ला तिचा अंमल दिला जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम कागदावर चालत आले. ते संगणकावर आणावयाचे म्हणजे यातील प्रत्येक पायरी, प्रत्येक अपवाद आणि प्रत्येकाचा अधिकार संगणकाला कळेल अशा भाषेत लिहून काढणे आले.

संगणकाला द्यावयाच्या अशा क्रमवार सूचनांना आज्ञावली म्हणतात. लहानशी आज्ञावली एक माणूस आठवडाभरात लिहू शकतो आणि तिची सारी वळणे त्याच्या ध्यानात राहतात. कोषागार, रेल्वे आरक्षण, बँक किंवा जमीन महसूल यांसाठी लागणाऱ्या आज्ञावलीच्या ओळी मात्र लाखांत मोजाव्या लागतात. त्या लिहिणारे लोक अनेक असतात, निरनिराळ्या ठिकाणी बसून काम करतात आणि काम अर्ध्यावर असताना त्यांतील काही जण नोकरीही बदलतात. त्यातच शासनाचा नवा निर्णय निघतो आणि मूळ नियमच बदलतो. एका ओळीतील बदल दुसऱ्या कोणत्या ओळीला बाधेल हे मग कोणाही एका व्यक्तीला खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच आज्ञावली तयार करण्याच्या कामातही संगणकाचीच मदत घ्यावी, हा विचार पुढे आला. अशा साधनांना संगणक-साहाय्यित सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची साधने म्हणतात; इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘केस’ या आटोपशीर नावाने ओळखली जातात.

अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांना ही साधने सहसा स्वतः हाताळावी लागत नाहीत. परंतु कार्यालयाचे संगणकीकरण त्यांच्या सांगण्यावरून होते आणि त्यातील दोषही अखेर त्यांच्याच खिडकीपुढे रांगेत उभे राहतात. या साधनांकडून कशाची अपेक्षा करावी व कशाची करू नये हे त्यांना माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पेच कसा उभा राहिला

१९६० च्या दशकात संगणकांची शक्ती झपाट्याने वाढली आणि किंमत उतरू लागली. आज्ञावलीच्या बाबतीत नेमके उलट घडत होते. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या यंत्रांचा कारभार चालविणारी मूलभूत आज्ञावली तयार करण्याचे काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होते. ऐन भरात हजाराहून अधिक माणसे या कामावर होती, तरीही ते ठरल्या मुदतीत पुरे झाले नाही. ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या अनुभवाचे परखड विवेचन केले आहे. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रेंगाळते, हा त्यांचा निष्कर्ष पुढे फार गाजला. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की त्यांनी आपसांत बोलून जुळवून घ्यावयाच्या गोष्टी त्याहून वेगाने वाढतात. दहा माणसांत अशा पंचेचाळीस जोड्या होतात, वीस माणसांत एकशे नव्वद. विहीर खोदण्याला किंवा रस्त्यावर खडी पसरण्याला जो हिशेब लागू पडतो तो येथे लागू पडत नाही.

ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने एक परिषद भरविली. सुमारे पन्नास तज्ज्ञ तेथे जमले होते. आज्ञावलीची निर्मिती ही पूल किंवा धरण बांधण्याइतकी शिस्तबद्ध अभियांत्रिकी व्हावी, अशी अपेक्षा परिषदेच्या नावातच व्यक्त झाली होती. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

तसे पाहिले तर पहिले साधन याच्याही आधीचे आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास यंत्राच्या आकडेमोडी भाषेत लिहिण्याचे कष्ट वाचविणारी पहिली अनुवादक आज्ञावली सिद्ध केली, आणि १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांची फोर्ट्रान ही भाषा वापरात आली. माणसाने बीजगणिताला जवळच्या भाषेत लिहावे आणि यंत्राच्या भाषेतील रूपांतर यंत्रानेच करावे, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी साधन म्हणतही नाही.

मुंबईत झालेले एक काम

या विषयाच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेकडे १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकन संगणक कंपनीचे एक काम आले. रुग्णालयांचे हिशेब ठेवणारी एक आज्ञावली बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबोल भाषेत लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांवर चालेल अशी करून द्यावयाची होती. दोन्ही यंत्रांवरील कोबोल नावाने एक असली तरी तपशिलात भिन्न होती. शिवाय संस्थेच्या हाती तेव्हा होते ते आय. सी. एल. १९०३ हे तिसरेच यंत्र.

एकेक ओळ वाचून हाताने बदलणे हा एक मार्ग होता. मुंबईतील अभियंत्यांनी त्याऐवजी एक गाळणी लिहिली. एका बाजूने जुन्या घाटाची आज्ञावली आत जावी आणि दुसऱ्या बाजूने नव्या घाटाची बाहेर पडावी, अशी ही आज्ञावली होती. भारतातून निर्यात झालेल्या सॉफ्टवेअरच्या अगदी आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. ‘केस’ हे नाव तेव्हा प्रचारात यावयाचे होते. पण आज्ञावलीवर काम करणारी आज्ञावली, हे त्याचे मर्म या कामात पुरेपूर दिसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या आज्ञावलींतील दोन अंकी वर्षे शोधून ती चार अंकी करण्याचे प्रचंड काम भारतीय कंपन्यांकडे आले, तेव्हाही याच जातीच्या साधनांचा आधार घ्यावा लागला. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात पुढे आणखी एक पाऊल टाकले गेले. व्यवहाराचे प्रतिमान आधी काटेकोर रेखाटावे आणि त्यावरून आज्ञावलीचा मोठा भाग यंत्राकडूनच तयार करून घ्यावा, अशी साधने तेथे घडली. त्यांतून आकारास आलेला ‘मास्टरक्राफ्ट’ हा साधनसंच प्रत्यक्ष कामांत वापरला गेला.

आराखड्याची साधने

आज्ञावलीच्या कामाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. काय हवे आहे ते ठरवून आराखडा करणे हा पहिला, आणि त्याप्रमाणे लिहिणे, तपासणे व चालविणे हा दुसरा. साधनांचीही हीच विभागणी आहे.

पहिल्या भागातील आद्य प्रयत्न अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झाला. डॅनियल टायक्रो यांच्या प्रकल्पातून गरजा मांडण्यासाठी एक नियमबद्ध भाषा आणि त्या भाषेतील मजकूर तपासणारी आज्ञावली तयार झाली. १९७० च्या दशकात रेखाटनाच्या पद्धतीही पुढे आल्या. पीटर चेन यांनी १९७६ साली माहितीतील घटक व त्यांचे परस्परसंबंध दाखविणारी आकृती सुचविली. टॉम डीमार्को यांच्या १९७८ च्या पुस्तकाने माहितीचा प्रवाह दाखविण्याची पद्धत लोकप्रिय केली. या आकृतीत माहिती कोठून येते, तिच्यावर कोणती प्रक्रिया होते, ती कोठे साठते आणि कोणाकडे जाते, एवढेच दाखवावयाचे असते.

फेरफाराचेच उदाहरण घेता येईल. दस्ताची खबर आत येते, फेरफाराच्या नोंदवहीत साठते, तेथून नोटीस बाहेर पडते, हरकत आत येते, प्रमाणित नोंद सात-बाराकडे जाते. ही आकृती कागदावर काढली तर ती सुबक दिसते, आणि चुकीची असली तरी तितकीच सुबक दिसते. तीच साधनाच्या साहाय्याने काढली तर साधन प्रत्येक रेषेचा जाब विचारते. हरकत आत येते, पण ती निकाली काढणारी प्रक्रिया कोठे आहे? प्रमाणित करणाऱ्याच्या नावाची नोंद मागितली आहे, पण ती माहिती कोणत्याच पायरीवर भरली जात नाही. एका भांडारात माहिती जमा होते, पण ती कधी कोणी वाचत नाही. मग ती कशासाठी? वरच्या पातळीवरील आकृतीत तीन प्रवाह आत येतात आणि तिचा तपशील दाखविणाऱ्या आकृतीत दोनच. तिसरा कोठे गेला? अशा उणिवा माणसाच्या नजरेतून सुटतात, यंत्राच्या सुटत नाहीत. लेखापरीक्षक बेरजा ताडून पाहतो, त्या जातीची ही तपासणी आहे.

या सर्वांच्या मुळाशी एक शब्दकोश असतो. प्रत्येक संज्ञा एकदाच नोंदवावयाची, तिचा अर्थ, तिची लांबी, ती कोठे कोठे वापरली आहे हे तेथेच लिहावयाचे, आणि इतर सर्व आकृत्यांनी तीच नोंद वापरावयाची. संज्ञेत बदल झाला की तिचा उपयोग करणारी सर्व ठिकाणे साधन दाखवून देते.

येथेच साधनाची मर्यादाही दिसते. बोलण्याच्या ओघात ‘खातेदार’ आणि ‘भोगवटादार’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. एका विश्लेषकाने एक शब्द नोंदविला आणि दुसऱ्याने दुसरा, तर शब्दकोशात दोन निराळ्या नोंदी होतील आणि दोन्ही आपापल्या जागी निर्दोष ठरतील. हे दोन शब्द एका जागी चालतील की नाहीत, चालत नसतील तर कोठे, हे साधनाला कधीच कळणार नाही. ते सांगावयास दप्तर जाणणारा माणूसच हवा. बैठकीला बहुधा संगणक कक्षाचा प्रतिनिधी पाठविला जातो आणि तलाठी गावी राहतो, ही नेहमीची अडचण आहे.

शासनव्यवस्थेने अशी शिस्त सक्तीने लागू केल्याचे ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील केंद्र सरकारने १९८० च्या दशकाच्या आरंभी विश्लेषण व आराखड्याची एक प्रमाण पद्धत तयार करून घेतली आणि १९८३ पासून ती सरकारी संगणक प्रकल्पांना बंधनकारक केली. ही पद्धत राबविण्यासाठी अनेक कंपन्यांनी साधने बाजारात आणली. एका खात्याचे कागद दुसऱ्या खात्यातील माणसाला वाचता येऊ लागले, हा तिचा मोठा लाभ. उलटपक्षी कागदांचा ढीग वाढला, आणि आकृत्या पूर्ण झाल्या म्हणजे काम झाले असे मानण्याची वृत्तीही बळावली.

नोंद ठेवणारी साधने

दुसऱ्या भागातील साधने दिसावयास साधी असली तरी टिकली तीच. शासकीय धारिकेत टिपणीची पाने असतात. नंतर मत बदलले तरी मागचे पान फाडून टाकावयाचे नसते. त्याखाली नवी टिपणी लिहावयाची, तारीख घालावयाची आणि सही करावयाची. दहा वर्षांनी धारिका उघडली तरी कोणता निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घेतला ते कळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली आज्ञावलीसाठी जवळपास हीच व्यवस्था निर्माण केली. प्रत्येक बदल, बदल करणारा, वेळ आणि कारण यांची नोंद राहते आणि हवे तेव्हा कोणतीही जुनी आवृत्ती जशीच्या तशी उभी करता येते.

त्याच प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. त्यामागे एक मजेदार घटना आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी आज्ञावलीतील एक चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालविली. वस्तुतः चूक आधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेल्या भागाचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे तेवढे राहून गेले होते, त्यामुळे यंत्र जुनाच भाग चालवीत होते. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे आणि बदललेल्या भागांचे रूपांतर साधनाने आपणहून करावे, एवढेच ‘मेक’ करते. याच जॉन्सन यांनी पुढे आज्ञावलीतील संशयास्पद रचना दाखवून देणारे ‘लिंट’ हे साधन तयार केले. कापडावर चिकटलेल्या तंतूंवरून त्याला हे नाव पडले.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनांची परंपरा पुढे चालत राहिली. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ हे साधन लिहिले, ते जगभर पसरलेल्या शेकडो सहकाऱ्यांचे काम एकत्र आणण्याच्या गरजेपोटी. आज जगातील बहुतेक आज्ञावलींचा इतिहास याच साधनात साठविला जातो.

भरती आणि ओहोटी

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक टेबलावर आला आणि आकृत्या पडद्यावर काढणे शक्य झाले. १९८४ साली आलेले ‘एक्सेलरेटर’ हे अशा साधनांपैकी एक. त्यानंतर साधनांची जणू भरतीच आली. आराखडा पडद्यावर काढावा, एक कळ दाबावी आणि संपूर्ण आज्ञावली तयार व्हावी, असे चित्र विक्रेते रंगवीत होते. सप्टेंबर १९८९ मध्ये आय. बी. एम. ने सर्व कंपन्यांची साधने एकाच मध्यवर्ती भांडाराभोवती जोडणारी मोठी योजना जाहीर केली. ती अपेक्षेप्रमाणे उभी राहिली नाही आणि काही वर्षांतच गुंडाळावी लागली.

क्रिस केमेरर यांनी १९९२ साली लिहिलेल्या एका लेखातील अंदाज या काळावर चांगला प्रकाश टाकतो. साधन आणल्यानंतर वर्षभराने पाहिले असता शंभरातील सत्तर साधने कधी वापरलीच जात नाहीत, पंचवीस केवळ एखादा गट वापरतो आणि उरलेली पाच सर्वत्र वापरली जातात, पण पूर्ण क्षमतेने नाहीत. साधन शिकण्यात आरंभीचे काही महिने जातात आणि त्या काळात काम मंदावते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कोणी हिशेबात धरलेली नसते. संगणक येऊन दोन वर्षे झाली तरी त्यावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन न निघालेली कार्यालये ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

ब्रुक्स यांनी १९८६ सालीच याविषयी सावध केले होते. आज्ञावलीच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. काही हत्यारांच्या ओबडधोबडपणातून येतात आणि चांगल्या साधनांनी दूर होतात. काही मात्र कामाच्या स्वरूपातच असतात. नियम गुंतागुंतीचे असतात, ते बदलत राहतात आणि काय हवे ते मागणाऱ्यालाही आरंभी नेमके माहीत नसते. कोणतेही एक साधन दहा वर्षांत कामाचा वेग दसपट करील ही आशा म्हणूनच व्यर्थ आहे, असे त्यांचे मत होते.

लंडनची रुग्णवाहिका सेवा

या दोन प्रकारच्या अडचणी एकाच ठिकाणी कशा भेटतात हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या अनुभवात स्पष्ट दिसते. या सेवेकडे तेव्हा रोज दोन हजारांहून अधिक दूरध्वनी येत. नियंत्रण कक्षातील कर्मचारी पत्ता कागदावर लिहून घेत, नकाशात जागा शोधत आणि जवळची रुग्णवाहिका धाडीत. हे सारे संगणकाने करावे असे ठरले. दूरध्वनी घेण्यापासून जवळची गाडी निवडून तिला आदेश देण्यापर्यंतचे काम करणारी यंत्रणा २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडनसाठी एकदम सुरू करण्यात आली.

काही तासांतच गोंधळ उडाला. प्रत्येक गाडी या क्षणी कोठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे यंत्रणेला अचूक माहीत असेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाड्यांकडून येणारे संदेश अपुरे वा चुकीचे असत. घाईत चालकांकडून चुकीची कळ दाबली जाई. एकाच जागी दोन गाड्या पोहोचू लागल्या, तर कोठे जवळची गाडी सोडून दूरची धाडली गेली. यंत्रणेला न उलगडलेल्या प्रकरणांच्या सूचना पडद्यावर इतक्या साचल्या की जुन्या सूचना वर सरकून दिसेनाशा झाल्या. गाडी न आल्याने लोक पुन्हा पुन्हा दूरध्वनी करू लागले आणि त्या दूरध्वनींनी भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रणेचा काही भाग बाजूला ठेवून कर्मचाऱ्यांनी निम्मे काम पुन्हा हाताने सुरू केले.

दुसरा आघात ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास झाला. यंत्रणा मंद होत गेली आणि पूर्ण थांबली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी आज्ञावलीत केलेल्या एका बदलात लहानशी चूक राहिली होती. प्रत्येक गाडी धाडली गेली की संगणकाच्या स्मृतीचा थोडासा भाग अडकून राही आणि मोकळा होत नसे. थेंबे थेंबे साठत तीन आठवड्यांत सारी स्मृती भरली. अशा वेळी काम दुसऱ्या यंत्राकडे वळावयास हवे होते. ती सोयही पूर्णपणे तपासून पाहिलेली नव्हती.

चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. स्मृती अडकवून ठेवणारी ओळ हा दुसऱ्या भागातील साधनांच्या कक्षेतील दोष आहे. कोणता बदल केव्हा झाला ते दाखविणारी नोंद आणि दीर्घकाळ यंत्रणा चालवून पाहणारी चाचणी यांनी तो पकडता आला असता. २६ ऑक्टोबरच्या गोंधळाचे कारण मात्र निराळ्या ठिकाणी होते. मुदत अवास्तव ठरविली होती आणि निविदा देताना कमी किमतीला फार महत्त्व दिले गेले. काम मिळालेल्या लहान कंपनीला एवढ्या मोठ्या आणीबाणीच्या यंत्रणेचा अनुभव नव्हता. चालक व नियंत्रण कक्षातील कर्मचारी यांना आराखड्यात विश्वासाने सामील करून घेतले नव्हते, प्रशिक्षण अपुरे होते, आणि सारे शहर एका दिवसात नव्या पद्धतीवर नेले गेले. गाड्यांचे ठिकाण नेहमी अचूक कळेल हे गृहीतक आकृतीत काटेकोर काढले असते, तरी साधनाने त्यावर हरकत घेतली नसती. लंडनचे रस्ते आणि घाईतला चालक यांची माहिती साधनाजवळ नव्हती; ज्यांच्याजवळ होती त्यांना कोणी विचारले नव्हते. याच सेवेने पुढे थोडे थोडे भाग करीत आणि कर्मचाऱ्यांना बरोबर घेत नवी यंत्रणा उभारली, ती १९९६ साली सुरू झाली आणि चालली.

आजची स्थिती

१९९७ साली निरनिराळ्या रेखाटन-पद्धतींचा मेळ घालून एक प्रमाण चित्रभाषा मान्य झाली. ती महाविद्यालयांत शिकविली जाते, प्रत्यक्ष कामात तिचा वापर कमी-अधिक होतो. चाचण्या आपोआप चालविणारी साधने मात्र सर्वत्र रुजली आहेत. प्रत्येक बदलानंतर शेकडो चाचण्या काही मिनिटांत पार पडतात. २०२१ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने साध्या भाषेतील वर्णनावरून आज्ञावलीच्या ओळी लिहून देऊ लागली आहेत. कळ दाबताच आज्ञावली, हे १९८० च्या दशकातील स्वप्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आले आहे. ओळी लिहिण्याचे श्रम खरोखरच घटले आहेत. हरकत तोंडी आली आणि लेखी आली यांत काही भेद करावयाचा की नाही, हे वर्णनात नसेल तर असे साधन आपल्या मताने काहीतरी ठरवून मोकळे होते, आणि ते ठरविल्याचे कोणाला सांगेलच असे नाही.

कार्यालयाच्या दृष्टीने लक्ष देण्याजोगी जागा दोन आहेत: कामाचा आरंभ आणि कामाचे हस्तांतरण. आरंभी ज्या गरजपत्रावर स्वाक्षरी करावयाची, त्याच्या आकृत्या रोज ते काम करणाऱ्या लिपिकापुढे किंवा ग्रामसेवकापुढे ठेवाव्या आणि मागील वर्षातील दहा अवघड प्रकरणे त्यांवरून चालवून पाहावी. वारसांपैकी एक अज्ञान असलेले प्रकरण, मुदतीच्या शेवटच्या दिवशी हरकत आलेले प्रकरण, नोटीस न बजावताच परत आलेले प्रकरण. सरळ प्रकरणे कोणत्याही आकृतीतून पार होतात.

हस्तांतरणाच्या वेळी चालती यंत्रणा तेवढी ताब्यात घेऊन भागत नाही. मूळ आज्ञावली, तिच्यातील बदलांचा संपूर्ण इतिहास, संज्ञांचा शब्दकोश, आकृत्या आणि चाचण्या यांचीही मागणी करारातच असावी लागते, आणि ती कोणत्याही एका कंपनीच्या साधनावाचून उघडता येईल अशा स्वरूपात असावी लागते. १९८० च्या दशकात महागड्या साधनांत काढून ठेवलेल्या आकृत्यांपैकी पुष्कळशा, ती साधने बनविणाऱ्या कंपन्या बंद पडल्यावर किंवा विकल्या गेल्यावर, निरुपयोगी झाल्या. त्याच काळात साध्या मजकुराच्या स्वरूपात साठविलेल्या आज्ञावली आजही वाचता येतात.